भाऊजींना कुणी विचारलंच नाही

वाल अर्धे सोलून झाले होते. मी ओट्याशी पाट घेऊन बसले होते, तेवढ्यात ह्यांचा फोन आला. "वकिलाकडून निघालो. कोर्टाने अर्ज मंजूर केला, रंभा. आपल्या राजरत्नला आरोपी केलं. समन्स घरी येईल."

फोन ठेवला. वालांवर ताट झाकलं आणि वही घेतली. रोज मी स्वयंपाक, वंदना, आलंगेलं एवढंच लिहिते. आज चांगदेव भाऊजींबद्दल लिहिते. सगळी गल्ली त्यांना नावं ठेवतेय, आणि लाजेने माझी मान खाली गेलीय ती त्यांच्यामुळे नाही.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होते. नखं कायम पिवळी. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत काविळीने गेली, तेव्हापासून जेवायला आमच्याकडेच. माझ्या राजरत्नला शाळेत सायकलवर बसवून भाऊजींनीच नेलं. त्याच्या बापाला कधी वेळ नसायचा.

माणूस फार बोलत नाही. पण काही विचारलं तर खरं तेच सांगतो. त्याला घोळवून बोलणं जमतच नाही. कंपनीत तपासणीला साहेब आले, त्यांनी विचारलं, "बॉयलर शेवटचा कधी तपासला?" भाऊजी म्हणाले, "मी आल्यापासून तरी नाही, साहेब." दुसऱ्या दिवसापासून मालकाने त्यांना गेटवर बसवलं. घरी आम्ही हसायचो. मटण कसं झालंय हे पाहुण्यांसमोर भाऊजींना विचारायचं नाही, असा नियमच होता. राजरत्नसाठी मुलीकडचे आले तेव्हा ह्यांनी भाऊजींना सकाळीच विहारात रंगकामाला पाठवून दिलं. "कुणीतरी मुलाचा स्वभाव विचारेल, आणि हा सांगेल." सगळे खूप हसले. मीही हसले.

तीन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीच्या तोंडावर पोपट रिक्षावाल्याला मारहाण झाली. गल्लीतल्या देवेशच्या नव्या बाइकला रिक्षा घासली, एवढंच निमित्त. बांबूने मारलं. पोपटचा डावा डोळा गेला. भाऊजी सेकंड शिफ्ट करून येत होते. त्यांनीच त्याला दुसऱ्या रिक्षात घालून हॉस्पिटलला नेलं. पोलिसांनी देवेशला आणि आमच्याच गल्लीतल्या विनिताच्या मुलाला, दिपेशला, पकडलं. मारणारे तिघे होते असं पोपट सांगत होता, पण तिसऱ्याला तो ओळखत नव्हता, आणि या दोघांनी तोंड उघडलं नाही.

राजरत्न त्या दिवशी उशिरा आला आणि न जेवता झोपला. मी काही विचारलं नाही. ह्यांनीही नाही. आणि भाऊजींना तर नाहीच नाही. त्यांना विचारलं तर कळणार होतं.

गेल्या महिन्यात कल्याण कोर्टात भाऊजींची साक्ष होती. बीपीचा त्रास, म्हणून सोबत मी गेले. मागच्या बाकावर बसले होते. सरकारी वकिलांचं विचारून झालं, मग दिपेशचे वकील उभे राहिले. त्यांना दाखवायचं होतं की अंधारात भाऊजींना काही दिसणं शक्यच नव्हतं.

"एवढ्या अंधारात तुम्हाला नेमके हे दोघेच दिसले?"

"नाही. तिघे दिसले."

वकिलांना वाटलं माणूस कचाट्यात सापडला. "मग पोलिसांना तिसरा का नाही सांगितला?"

"त्यांनी या दोघांना उभं केलं आणि विचारलं, ओळखता का. मी हो म्हणालो."

वकील बसायला निघाले होते. पण न्यायाधीश बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. "तिसरा कोण होता?"

भाऊजींनी एकदाच वळून माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली. "माझा पुतण्या, बाई. राजरत्न. पहिला बांबू त्याचा."

मग सरकारी वकिलांनी अर्ज दिला. खटला चालू असताना साक्षीतून कुणाविरुद्ध पुरावा आला, तर कोर्ट त्यालाही आरोपी करू शकतं म्हणे. आम्हाला हे माहीतच नव्हतं. दोन आरोपी म्हणजे दोनच, आपण सुटलो, असं धरून चाललो होतो.

साक्षीच्या दिवशी घरी आल्यावर ह्यांनी भाऊजींचं ताट वाढू दिलं नाही. "ज्याला खांद्यावर खेळवलं त्याला जेलात घालतोस? कुणाच्या घरचं खातोस रे तू?" भाऊजी म्हणाले, "तुझ्या." एवढंच. पिशवी भरली आणि खडवलीला बहिणीकडे, रचनाताईंकडे, निघून गेले. जाताना मला म्हणाले, "येतो वहिनी." मी त्यांना थांबा म्हणाले नाही.

आता गल्ली भाऊजींना घरभेदी म्हणते, आणि विहारात गेलं की बायका सरकून जागा देतात, जरा जास्तच जागा देतात. परवा विनिताने किराण्याच्या दुकानातच गाठलं. "काय रंभाताई, आता कळेल तारीख कशी असते! तीन वर्षं माझा पोरगा कोर्टाच्या पायऱ्या झिजवतोय, कुणी पोरगी देईना त्याला. आणि तुमचा हिरो मुली बघत फिरत होता. माझा दिपेश गप्प बसला म्हणून हां!" दुकानदार डाळ मोजायची थांबला. ती खोटं काय बोलली?

एवढं लिहून वही मिटली होती, आता रात्री पुढचं लिहिते. हे संध्याकाळी घरी आले. राजरत्नही होता, मोबाइल घेऊन कोपऱ्यात. हे म्हणाले, "वकील म्हणतात, राजूपुरतं सगळं पहिल्यापासून चालणार. साक्षीदार पुन्हा येणार, चांगदेव पुन्हा पिंजऱ्यात. त्याने एवढंच म्हणावं, अंधार होता, चूक झाली असेल. तो तुझंच ऐकतो. तू जाऊन सांग त्याला."

मी राजरत्नसमोर जाऊन बसले. "तू मारलंस त्याला?"

"मम्मी, आता काय फायदा विचारून?"

"मारलंस का?"

"सगळ्यांनीच मारलं ना."

"पहिला कुणी?"

तो मोबाइलकडेच बघत राहिला. मग म्हणाला, "काकाने सांगितलंय ना कोर्टात. मग मला कशाला विचारतेस?"

ह्यांनी पंखा मोठा केला, मग बंद केला. पोपटला दुसऱ्या डोळ्यानेही आता धूसर दिसतं, रिक्षा त्याचा भाऊ चालवतो. हे मला माहीत होतं. स्टेशनबाहेर तो दिसला की मी रस्ता बदलायचे, आणि रोज सकाळी दिव्यापुढे हात जोडून म्हणायचे, खोटं बोलणार नाही. बोललेही नाही कधी. विचारलंच नाही, तर बोलायचा प्रश्न कुठे येतो?

"मी जाईन भाऊजींकडे," मी ह्यांना म्हणाले. "पण ते सांगायला नाही."

"मग कशाला जातेस?"

"त्यांना घरी आणायला. समन्स येईल तेव्हा ते इथे असू देत. त्यांना पुन्हा विचारतील तेव्हा मी मान खाली घालणार नाही."

"आणि पोरगा?"

"पोरगा कोर्टात उभा राहील. आपण दोघं त्याच्या मागे बसू."

हे उठून गॅलरीत गेले. रागावलेत. राजरत्न जेवला नाही, मीही आग्रह केला नाही.

सकाळी वंदना झाली की पहिल्या गाडीने खडवलीला जायचं, भाऊजींना आणायला.