बालवाडीतलं फिकं दूध

इंटर्नशिपच्या वर्षी आमचं डेंटल कॉलेज विठ्ठलवाडीजवळच्या एका बालवाडीत फ्लोराइड घातलेलं दूध पाठवायचं. तिथल्या पिण्याच्या पाण्यात आधीच फ्लोराइड जास्त नाही ना, ते तपासून घेतलं होतं. कोणी किती दूध प्यायलं ते लिहिणं माझं काम. मला ते सोयीचं होतं. हातात वही असली की फारसं बोलावं लागत नाही.

पेले रोज रिकामे व्हायचे. मला वाटलं, मुलांना दूध आवडतंय. एकदा लवकर पोचले, तर तिथल्या मदतनीस मावशी पातेल्यावर साखरेची भरलेली वाटी धरून उभ्या. दात किडू नयेत म्हणून आणलेल्या दुधात!

"मावशी, साखर... नको ना."

"अगं, फिकं दूध कोण पितं? पहिल्या दिवशी अर्धं मोरीत गेलं. तुलाच रिकामे पेले हवेत ना?"

"पण दात—"

"आणि पोटाचं काय? निम्मी पोरं चहा-बिस्किटावर येतात."

तेही खरं होतं. साखर त्या स्वतःच्या घरून आणत होत्या. पण चटईवर एक साडेपाच वर्षांची मुलगी बसली होती. तिचे पुढचे दात काळे पडले होते आणि हसताना ती तोंडावर हात धरायची. आता तिचे पक्के दात येणार होते. शाळेच्या प्रत्येक ग्रुप फोटोत मीही ओठ मिटूनच उभी आहे.

"आज साखर नको. मलाही एक पेला द्या," मी म्हटलं आणि तिच्याशेजारी बसले.

मला दूध अजिबात आवडत नाही. साय ओठाला लागली तशी मी तोंड वाकडं केलं. तरी सगळं प्यायले.

"ताईला मिशी आली!" ती ओरडली. हात तोंडावर न्यायचा राहूनच गेला. मग मिशी हवी म्हणून तिनेही पेला उचलला.

तिचा पेला रिकामा झाला. बाकी बरेच अर्धे उरले. वहीत मी तसंच लिहिलं, आणि आधीच्या पानांवर 'साखर घातलेली' अशी नोंद केली. कॉलेजमध्ये मॅडमना सांगायचं होतंच.

मावशी उरलेल्या दुधाकडे बघत राहिल्या. "उद्या अर्धी वाटी घालते, परवा पाव," त्या म्हणाल्या. "पण तू रोज बसायचंस हं प्यायला. तोंड वाकडं न करता."