दोरा तोडू नका

"आधी दोरा तोडू नका," असं आमची ही मला शेवटपर्यंत सांगत आली. नव्या चपला दुकानातून एकमेकींना बांधून येतात ना, तो दोरा. तो तसाच ठेवून घरात छोटी छोटी पावलं टाकायची, चावली तर परत. बेडी घातल्यासारखा मी फिरायचो आणि ही हसायची.

या वेळी मी ऐकलं नाही. आणल्याआणल्या दोरा तोडला, चपला घालून भाजीला गेलो. अंगठा सोलून निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी हिने चपलांचे तळवे ओल्या फडक्याने पुसले, चपला पिशवीत घातल्या आणि मला घेऊन डोंबिवलीतल्या त्या दुकानात गेली. आम्ही दोघं मिळून केलेलं शेवटचं काम ते.

दुकानदार म्हणाला, "आजी, तुम्ही परत आलात?"

"माल परत आला. मी नुसती सोबत आले."

"वापरलेली दिसते ही."

"मग? चावते की नाही ते पायात न घालता कळायला मी देव आहे का रे?"

त्याने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. विकलेला माल परत नाही, पैसे परत नाहीत. ही स्टुलावर बसली.

हिचं बसणं तुम्ही बघायला हवं होतं. आवाज चढवायचा नाही, शिवी नाही. पिशवी मांडीवर घ्यायची आणि बसायचं. गिऱ्हाईक आत आलं की हसून म्हणायचं, "या हो, मी काय, माझं चाललंय." तेवढ्याने दुकानदाराला घाम फुटायचा. मला सांगायची, "भांडलं की बाहेर काढतात. बसलेल्या म्हातारीला कोण काढतंय?"

आमच्या चाळीतल्या बायका त्यासाठी हिला घेऊन जायच्या. "काकू, चला ना जरा. तुम्ही नुसत्या बसा." कुणाचा मिक्सर जळलेला, कुणाच्या गाऊनचा रंग गेलेला. ही डोक्यावर पदर घेऊन निघायची.

पण खोटं चालायचं नाही. एकदा शेजारची नवी साडी घेऊन आली, म्हणाली आवडली नाही, परत करायचीय. हिने घडी नाकाशी धरली. "ही लग्न जेवून आलीय गं. पदराला मठ्ठ्याचा वास येतोय. जा, धू आणि नेस." ती बाई महिनाभर बोलली नाही. हिला त्याचं काही नाही.

तर त्या दिवशी दुकानदार शेवटी म्हणाला, "ठेवून जा आजी. आठ नंबर उद्या सकाळी येतो. पैसे नाही देणार, बदलून देतो."

"उद्या सकाळी नक्की?"

"नक्की."

ही उठली. रस्त्यात मला म्हणाली, "उद्या उघडल्या उघडल्या यायचं. आणि या वेळी दोरा तोडलात तर बघा."

घरी येऊन हिने कणीक मळली. परातीवर ताट झाकलं, भिंतीला टेकून बसली, म्हणाली, "जरा गरगरतंय हो." बस. तेवढंच.

रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगेलासा होता. म्हणाला, "आजोबा, आणायच्या आधीच गेल्या."

मी बाकावर बसलो. हिची पिशवी मांडीवर घेतली. कोणी काही म्हणालं की म्हणायचो, "माझं चाललंय." नर्स आली, वॉर्डबॉय आला, कागदावर अंगठा मागितला. मी उठलो नाही. मला वाटत होतं, उठलो नाही तर काहीतरी होईल. मुलगी कोलशेतहून आली, तिने काखेत हात घालून उठवलं तेव्हा उठलो. इथे बसून काही होत नाही.

मुलगा नाही. अग्नी मीच दिला, दिवस मावळायच्या आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. अग्नी देणाऱ्याने सुतकात बाहेर जायचं नाही, पायात काही घालायचं नाही. मी कोणाला न सांगता निघालो. अनवाणीच.

दुकानदार शटर वर करत होता. "आजी कुठे? आज तुम्हाला एकट्याला पाठवलं?" मग त्याने माझे पाय बघितले. हात शटरवरच राहिला.

"कधी हो?"

"काल. इथून गेल्यावर."

तो आत गेला, गल्ला उघडला. "आजोबा, पैसे परत घेऊन जा."

"पैसे नकोत. आठ नंबर दे."

त्याने जोडी आणली. मी हिच्या स्टुलावर बसलो, पाय घातले. सुतक होतं, पण दुकानात घालून बघणं म्हणजे घालणं नव्हे. छोटी छोटी पावलं टाकत दारापर्यंत गेलो, परत आलो.

"चावत नाही ना?" असं विचारत त्याने दोरा कापायला कात्री उचलली.

"राहू दे," म्हटलं. "दोरा नको तोडू."

चपला काढून पिशवीत घातल्या, पिशवी छातीशी धरली आणि आलो होतो तसा अनवाणी घरी चालत गेलो.