भूतबंगल्यातली सिस्टर

आमच्या पार्कातली एकही वस्तू मूळची पार्कातली नाही. छोटी आगगाडी पूर्वी काचेच्या कारखान्यात वाळू ओढायची. आकाशपाळणा दुसऱ्याच गावचा. तिकडे त्याच्यात कुणी बसेनासं झालं म्हणून इकडे आला, आणि लाल रंग उडालाय तिथे जुन्या मालकाचं निळं नाव अजून डोकावतं. उपाहारगृह म्हणजे कारखान्याचं गोदाम. मी पार्काच्या तिकीटखिडकीवर बसायचे आणि या सगळ्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नव्हती. पोटासाठी माणसं धंदा बदलतात, तर आगगाडीने का बदलू नये?

तक्रार सुरू झाली ती भूतबंगल्यावरून.

ही इमारत मुळात कारखान्याचा दवाखाना होती. दवाखाना नावालाच, खरं काम बाळंतपणांचं. कारखाना बंद पडला, मग तिथे काही वर्षं फर्निचरचं दुकान होतं. पार्क झालं तेव्हा वेडेवाकडे दाखवणारे आरसे लागले. आरशांनाही लोक विटले, तेव्हा नव्या मॅनेजरसाहेबांनी भिंतींवर काळं कापड ठोकलं, कापसाची कोळिष्टकं लावली आणि दारावर ही थोरली फ्लेक्सची पाटी टांगली. ‘याच इमारतीत एका वेड्या नर्सने कोवळ्या जिवांचे गळे घोटले. ती अजून आत आहे.’ खाली फोटो. माळ्यावर सापडलेला, दवाखान्यातल्या पाचजणांचा. सगळ्यांचे डोळे लालभडक केलेले आणि मधल्या बाईच्या टोपीतून रक्त ठिबकतंय.

ती मधली बाई म्हणजे माझी सख्खी मावशी.

मावशी त्या दवाखान्यात सिस्टर होती. तरुणपणी रुजू झाली ती दाराला कुलूप लागेपर्यंत. गावात तिला नावाने कुणी ओळखत नाही. भाजीवालीपासून बँकेच्या साहेबापर्यंत सगळे सिस्टरच म्हणतात. उंच, खणखणीत आवाजाची, आणि काठी टेकण्यापेक्षा रोखण्यासाठी वापरणारी. बायको आत कळा देत असताना दारात घुटमळणाऱ्या नवऱ्यांना ती म्हणायची, “इथे उभा राहून काय दिवे लावणार आहेस? जा, फाटके धुतलेले कपडे घेऊन ये.” तिने स्वतः लग्न केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर सांगायची, “लग्नं कुठे येऊन पोचतात ते रोज बघत होते की.”

पाटी लागली त्याच संध्याकाळी मी तिला सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, सकाळपर्यंत गावभर झालंच असतं. मावशीने चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, “उद्या कितीला उघडता?”

“ताई, सोड ना,” आई म्हणाली. आई तिची धाकटी बहीण. “गंमत असते ती. लोकांना कळतं खोटं आहे ते.”

“सगळं कुठे खोटं आहे? त्या खोलीत मुलं गेली नाहीत का? गेली. काही पोटातच, काही माझ्या हातात. त्यांच्या आया याच गावात आहेत. नातवंडांना घेऊन येतील, रांगेत उभ्या राहतील, वर बघतील. एखादीच्या मनात क्षणभर जरी आलं, की माझं मूल आपलं आपण गेलं, का हिने...”

आईचं पहिलं मूल त्याच खोलीत गेलं होतं, मावशीच्याच हातात. आई उठली, तिने मावशीची पांढरी साडी कपाटातून काढली आणि इस्त्री तापत ठेवली.

दुसऱ्या दिवशी मावशी माझ्या खिडकीशी हजर. मी म्हटलं, “मावशी, घरच्यांना तिकीट लागत नाही.”

“फुकट नको. तिकीट काढलेल्या माणसाला कुणी हुसकत नाही.”

तिकीट कमरेला खोचून ती आत गेली. मी ‘थोड्या वेळात येते’ची पाटी अडकवून तिच्या मागोमाग. पहिल्याच वळणावर नर्सचं सोंग घेतलेली मुलगी सुरी परजत अंगावर आली आणि जिवाच्या आकांताने किंचाळली.

“टोपी उलटी घातलीस,” मावशी म्हणाली. “आणि असं ओरडत राहिलीस तर रात्रीपर्यंत घसा बसेल. मिठाच्या पाण्याने गुळण्या कर. आता ती खुर्ची दे मला.”

मुलीने मुकाट्याने खुर्ची दिली. मावशी बसली ती बसलीच. अंधारात, हिरव्या उजेडात, पांढरी साडी, मांडीवर काठी, आणि शब्द नाही. सुरीवाल्या पोरीला बघून लोक हसत होते. हिला बघून त्यांची पाचावर धारण बसायला लागली. एक आडदांड गृहस्थ चक्क बायकोच्या मागे लपले. पुढचे पुढे जाईनात, मागचे मागे सरकेनात, आणि रांग तुंबली.

शेवटी साहेब आला. त्याने सगळे दिवे लावायला सांगितले. दिवे लागताच भूतबंगला म्हणजे नुसतं प्लायवुड आणि कापूस. काळं कापड एका कोपऱ्यात निसटलं होतं आणि मागे दवाखान्याच्या हिरव्या फरशा दिसत होत्या. साहेब तसा वाईट माणूस नाही. तो खाली वाकून, गोड आवाजात म्हणाला, “आजी, ही नुसती गोष्ट आहे हो. कुणी खरं मानत नाही.”

“मग तुझ्या आईचा फोटो लाव.”

रांगेत हशा पिकला. साहेबाचे कान लाल झाले.

“बरं, तुमच्या सगळ्या घराला कायमचा पास देतो.”

“या वयात तुझ्या पाळण्यात बसून मला कुठे जायचंय?”

“ठीक आहे,” साहेब म्हणाला, “तुमचा चेहरा काढून टाकतो. आजच. कम्प्युटरवर चुटकीसरशी होतं ते.”

मला हायसं वाटलं. कशाला खोटं बोलू, नोकरी मलाही हवी होती. पण मावशी जागची हलली नाही.

“आणि बाकीचे चौघे?”

“बाकीच्यांची कुठे काय तक्रार आहे?”

इथे साहेब चुकला. मावशी काठीवर जोर देऊन उठली. “त्यांना येता येत नाही,” ती म्हणाली. “म्हणून तर मी आलेय.” आणि ती दाराकडे चालू लागली. तुंबलेली अख्खी रांग तिच्यामागून बाहेर.

साहेबाने मला बाजूला घेतलं. “तुम्ही समजवा त्यांना. नोकरी तुमची आहे, हे लक्षात ठेवा.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, “साहेब, पाटी उतरवायला शिडी लागेल. मी आणते.”

“उद्यापासून यायची गरज नाही तुम्हाला!”

“आज तर आहे ना?”

शिडी मीच लावली, मीच चढले. भूत झालेल्या मुलीने खालून तिची सुरी दिली, पण ती प्लास्टिकची, दोरी कापेना. मग नखांनी आणि दातांनी गाठी सोडवल्या. खाली मावशी काठीने एकेक लाल डोळ्यांचा चेहरा दाखवत होती.

“ही डावीकडची आमची डॉक्टरीणबाई. अंगात ताप असला तरी उभी राहायची. शेजारी कंपाउंडर. कळा देणाऱ्या बायकांना दाराबाहेरून विनोद सांगायचा. सगळे भिकार. इकडची ही दवाखान्यातली आयाबाई. तिने गरम पाणी कधी संपू दिलं नाही. आणि टोकाची ही झाडूवाली. जे मूल जायचं त्याला हीच धुवायची, गुंडाळायची, आईच्या मांडीवर ठेवायची. माझ्याने ते व्हायचं नाही.” मग काठी मधल्या चेहऱ्यावर आली. “ही मी. मी जिवंत आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा. पाटीला नको.”

शेवटची गाठ सुटली आणि फ्लेक्स धपकन खाली पडला.

मग गर्दीतून एक बाई पुढे आली. केस पिकलेले, हाताला नात. तिने नातीचा हात शेजारच्या माणसाकडे दिला आणि ती मावशीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली.

“सिस्टर, माझं पहिलं रडलं होतं का हो? मला गुंगीचं औषध दिलं होतं. नंतर मला कुणी सांगितलंच नाही.”

मावशी तिच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“रडली होती,” ती म्हणाली. “मुलगी होती. एकदाच रडली, पण चांगली मोठ्याने. मी ऐकलंय.”