कोबेची शेकगादी आणि बोटीवरची वीज

माझ्या बहिणीला, गौराला, मुलगी झाल्याची तार जपानहून, कोबेहून आली आणि अव्वाचा, म्हणजे आमच्या आईचा, सोलापुरात जीव लागेना. "बाळंतिणीला शेक कोन देनार तितं?" गौराचे यजमान कोबेत कापडाचा व्यापार करतात. शेवटी मीच अव्वाला घेऊन निघालो. ट्रंकेत डिंक, हळीव, ओवा आणि मुंबईत घेतलेली, विजेवर तापणारी छोटी शेकगादी.

मुंबईपर्यंत रेल्वे, पुढे कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत बोट. आपल्यासारख्या शाकाहारी माणसानं कडक भाकरी अन् शेंगाचटणी भरपूर न्यावी. बोटीवरच्या भातालाही माशाचा वास येतो. अव्वा डेकवर सारख्या येरझाऱ्या घाली. "अजून किती ऱ्हायलं रं?"

कोबेत हाडं गोठवणारा गारठा, घराची दारं कागदाची. शेकगादीला तिथली पिन जोडून लावली तर धड कोमटही होईना. "बिघडली की रं ही!" पण ती बिघडली नव्हती. तिला हवी होती दोनशेवीस व्होल्टची वीज, तिथं मिळत होती शंभराची. भावजींनी तिथलीच एक गादी आणली. गौराची कंबर मोकळी झाली, अव्वा पहिल्यांदा स्वस्थ जेवली.

तिथं सव्वा महिना राहून गौरा अन् बाळाला घेऊन जपानी बोटीनं परत निघालो. एका दुपारी वारा सुटला. मला डेकवर चैन पडेना, म्हणून खाली आलो, तर केबिनच्या दारातच जळक्या रबराचा वास! अव्वानं कोबेची गादी भिंतीतल्या विजेला लावून तिच्यावर दुपट्यात बाळाला निजवलं होतं. गौरा पाठमोरी केस विंचरत होती.

"गौरे, पोर उचल!"

तिनं बाळ ओढून घेतलं, मी बटण बंद केलं. दुपट्याला मधोमध तपकिरी डाग, बाळाची पाठ लाल. बोटीवरच्या डॉक्टरांनी मलम लावलं. "फोड येणार नाहीत," असं ते म्हणाले, तेव्हा कुठे गौराला रडू फुटलं.

"पिन तर नीट बसली की," अव्वा पुटपुटत राहिली.

तिथंच फसगत होते. गादी कोबेची, शंभराची, आणि बोटीवर वीज दोनशेवीसची होती. परदेशी जाणाऱ्यांनो, पिन बसली म्हणजे वीज जुळली असं समजू नका. वस्तूवरचा आकडा वाचा, तिथल्या विजेचा आकडा विचारा. जास्तीच्या विजेची वस्तू कमी विजेवर नुसती थंड राहते. कमीची जास्तीवर लावली तर जळते.

मुंबईपर्यंत गौरानं बाळ अव्वाच्या हाती दिलं नाही. अव्वानंही मागितलं नाही.

आता घरी आलोय. अजून कुठं विजेची वस्तू दिसली की मी आधी तिच्यावरचा आकडा वाचतो. आज सकाळी न्हाणीत अव्वा बाळाचं पाणी विसणत होती. कोपर बुडवी, गार पाणी ओती, पुन्हा कोपर बुडवी. शेवटी म्हणाली, "गौरे, तूच घाल न्हाऊ. मला पान्याचा अदमास येईना."

गौरानं पाण्यात हात घालून बघितला.

"पाय पसरून बस, अव्वा," ती म्हणाली, आणि पोर तिच्या पायांवर ठेवली.