बाईंची हनुवटी

शाळेच्या जिन्याखालच्या खोलीत बाई सव्वीस वर्षं शिकवत होत्या. ज्यांच्या डोक्यात धडे सावकाश शिरतात, अशी मुलं त्यांच्याकडे येत. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणे, "तुमची मजा आहे बुवा, चारच तर मुलं."

"चारच. पण चौघांची तोंडं चार दिशांना," बाई म्हणत. अलीकडे एवढं बोलायचाही त्यांना कंटाळा येई.

त्या चौघांतली एक मुलगी अकरा वर्षांची. तिला सगळे चिमणीच म्हणत. वर्षभर घासून ती वाचायला लागली होती. शुक्रवारी मोठ्या बाई तिचं वाचन ऐकणार होत्या. दहा ओळी आल्या तर ती इथेच, मैत्रिणींबरोबर; नाहीतर दोन बस बदलून वेगळ्या शाळेत.

मंगळवारी चिमणी वाचत असताना खिडकी आपटली. बाई कडी लावायला उठल्या, तशी चिमणी गप्प झाली.

"वाच की गं."

"आधी तुम्ही इकडे बघा ना."

बाई कडी तशीच सोडून वळल्या आणि त्यांना उमगलं. शब्द बरोबर आला की त्यांची हनुवटी किंचित हलायची, चुकला की भुवया. पोरगी पुस्तक वाचतच नव्हती. हनुवटी हलेपर्यंत अंदाजाने शब्द टाकत होती. बाईंना स्वतःचाच राग आला, पण रागावून बसण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

शुक्रवारी नेहमीसारखं समोर बसलं की झालं. कुणाला कळणार होतं? दोन दिवस हा विचार त्यांची पाठ सोडेना.

"बसा तिच्यासमोर," शुक्रवारी मोठ्या बाई म्हणाल्या. "नाहीतर बुजेल."

बाईंनी खुर्ची उचलून चिमणीच्या पाठीमागे ठेवली. चिमणीने दोनदा मान वळवून पाहिलं. मग बोट ठेवून, अडखळत, तीन ओळी वाचल्या. चौथीला तिला रडू फुटलं.

बाईंनी सगळं सांगून टाकलं. मोठ्या बाई बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. "सहा महिने देते. पुढचं माझ्या हातात नाही."

फाटकाशी चिमणीची आई उभी होती. "बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना, घडाघडा वाचते म्हणून?"

"चुकलं माझं."

आईने चिमणीचं दप्तर आपल्या खांद्यावर घेतलं. "मग आता?"

"सोमवारपासून परत पहिलं पान," बाई म्हणाल्या. "मी मागे बसेन."