तिसऱ्या सिस्टिमखाली सापडलेली अकरावी फाईल

मी इथे लिहावं की नाही, हे आठवडाभर ठरत नव्हतं. आधी माफी मागतो. आम्ही तंजावूरचे. घरात मराठी बोलतो, पण देवनागरी मी कॉलेजात आल्यावर स्वतः शिकलो. चुकलं तर सांभाळून घ्या. असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत... घरातून कॉलेजला गेलेला मी पहिलाच, तेही कॉम्प्युटर सायन्सला. मानून कसं चालेल?

लॅपटॉप अक्काला शाळेत मिळालेला, सरकारी. त्यात विंडोज आणि लिनक्स आधीपासून होते. प्रोजेक्टसाठी मला तिसरी ऑपरेटिंग सिस्टिम हवी होती. इन्स्टॉल करताना घाई केली, डिस्कचा चुकीचा भाग, म्हणजे पार्टिशन, निवडलं आणि ते फॉरमॅट झालं.

त्या पार्टिशनवर माझ्या आत्याचा आवाज होता.

आत्या तिरुवैयारूला असते. लग्नाकार्यात स्वयंपाक करायची. आमच्या बोलीतले जुने शब्द तिच्याइतके कुणाला येत नाहीत, म्हणून मी तिची दहा रेकॉर्डिंग केली होती आणि शब्दन् शब्द वहीत उतरवला होता. ती चिडवायची, "एका डब्यात दोन कंप्युटर ठेवतोस, आणि एक कॉफी धड करता येत नाही." मग तिला पक्षाघात झाला आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, येईलही, सांगता येत नाही. म्हणजे तो आवाज फक्त माझ्याकडे होता, आणि मीच तो पुसला.

त्या पार्टिशनवर नवं काही लिहायचं नाही, एवढं ठाऊक होतं. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला, मित्राची हार्ड डिस्क जोडली, पुसलेल्या फाईली शोधणारं रिकव्हरी टूल चालवलं. नुसते तुकडे आले. सेटिंग बदलून पुन्हा चालवलं. पुन्हा तुकडे. मी सोडणार नव्हतो. चौथ्या दिवशी दुपारी फाईली मिळाल्या – नावं नाहीत, तारखा नाहीत, नुसते आकडे. मोजल्या, तर अकरा.

दहा ओळखीच्या होत्या. अकरावी जेमतेम पंधरा सेकंदांची. आत्याचाच आवाज, पण जड, थांबत थांबत – "या कॉफीत... साखर कुठे गे?" मग स्टीलचा टंब्लर पडून घरंगळत गेल्याचा आवाज, आणि एका बाईचं हसू.

वहीत हे नव्हतं. दहाही फाईली पुन्हा ऐकल्या, हे शब्द कुठेच नाहीत. आत्याच्या सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, फोन करून सहज विचारलं, आत्या कधी बिनसाखरेची कॉफी प्यायची का. वहिनी म्हणाली, छे, दोन चमचे लागायचे. हॉस्पिटलातून आल्यावर डॉक्टरांनी साखर बंद केली. आणि हॉस्पिटलातून आल्यापासून आत्या एक शब्द बोललेली नव्हती.

मी बराच विचार केला. रिकव्हरीत फाईलींचे तुकडे चुकीचे जोडले जातात, पण जोडायला ते शब्द आधी कुठेतरी असावे लागतात ना...

पण दहा फाईली हातात होत्या. दर रविवारी मी बसने तिरुवैयारूला जायचो आणि आत्याला तिचाच आवाज ऐकवायचो. एक शब्द लावायचा, थांबायचं, तिच्या ओठांकडे बघायचं. ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. पुढच्या रविवारी पुन्हा. अकरावी फाईल मात्र तिला ऐकवली नाही, कुणालाच नाही. खरं सांगतो, धीर झाला नाही.

गेल्या बुधवारी मी लॅबमध्ये होतो. वहिनीचा फोन आला.

"आई बोलल्या रे, आत्ताच."

आत्या काय म्हणाली, हे मी विचारलंच नाही. तीच म्हणाली, "मी कॉफी दिली, तर मला विचारतात, यात साखर कुठे गे? माझ्या हातून टंब्लरच पडला बघ." आणि ती हसायला लागली. ते हसू मी ओळखलं.