पाय तिचा होता

मी ख्रिश्चन झाले, ही बातमी सिंगापूरमधल्या आमच्या मराठी मंडळींना माझ्या आधी कळली. मला ती ईस्ट कोस्टच्या एका कॉन्डोत, म्हणजे महागड्या खासगी सोसायटीत, रविवारच्या भेळेच्या बेताला समजली. तिथे जिने सांगितली, तिच्यावर मी इतकी चिडले की पुढचं बरंच काही त्या चिडीतून घडलं. त्या चिडीबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

आम्ही बेडोकला एचडीबीच्या, म्हणजे सरकारी घरांच्या, जुन्या इमारतीत राहायचो. मी तांजोंग पगारला एका कंपनीत अकाउंट्स सांभाळत होते, नवरा बँकेत होता आणि त्या वर्षी सासूबाई पुण्याहून मुक्कामाला आल्या होत्या. आमच्या वरच्या मजल्यावर एक चिनी आंटी राहायची. शाळेतून निवृत्त झालेली, एकटी, बोलायला सडेतोड. तिच्या चर्चचा एक गट होता. इंडोनेशियातल्या एका डोंगराळ बेटावर नन्स मुलींचं वसतिगृह चालवायच्या, त्याला हा गट मदत करायचा. आसपासच्या वाड्यावस्त्यांत शाळा नव्हती. त्या वसतिगृहात राहिल्या तरच मुली शिकायच्या.

तिथली एक मुलगी ऑपरेशनसाठी सिंगापूरला आली. सोळा-सतरा वर्षांची असेल. डावं पाऊल जन्मापासून आत वळलेलं, त्यामुळे ती पायाच्या कडेवर चालायची. ऑपरेशन झालं, गुडघ्यापर्यंत प्लास्टर बसलं आणि सोबत आलेल्या ननला वसतिगृहात परतावं लागलं. मुलगी आंटीकडे राहायची असं ठरलेलं होतं. पण त्या काळी आमच्या इमारतीची लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नसे. आमच्या मजल्यावर थांबायची, आंटीच्या नाही. कुबड्या घेऊन ती मुलगी जिना कसा चढणार, हा प्रश्न घेऊन आंटी आमच्या दारात उभी राहिली.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे काय बघतेस? घर तुझं आहे. फक्त मासे माझ्या ओट्यावर शिजणार नाहीत."

"आंटी वरून आणून देईल."

"मग आण तिला. आतल्या खोलीत गादी घालते."

अशी ती आमच्याकडे आली. दिवसा मी ऑफिसात, ती आणि सासूबाई घरात. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं अक्षरही कळत नव्हतं. पहिल्या दिवशी ती पायाकडे बोट दाखवून "काकी, काकी" म्हणत राहिली आणि सासूबाई "आले गं बाळा" म्हणत तिच्यासाठी पाणी, उशी, पंखा असं एकेक करत राहिल्या. संध्याकाळी आंटीने उलगडा केला. त्यांच्या भाषेत काकी म्हणजे पाय. पोरगी पाय दुखतोय म्हणून सांगत होती. त्यावर दोघी इतक्या हसल्या की त्या दिवसापासून त्यांना दुभाष्याची फारशी गरज उरली नाही. मग सासूबाईंना नादच लागला. गुरु म्हणजे गुरु, काच म्हणजे काच, नामा म्हणजे नाव. नवऱ्याला सुआमी म्हणतात हे कळल्यावर त्या मला म्हणाल्या, "बघ, तिकडेसुद्धा स्वामीच!"

जेवणाआधी ती डोळे मिटून प्रार्थना करायची. तेवढा वेळ सासूबाई वरणाची वाटी हातात धरून थांबायच्या. तिने आमच्या देवघराकडे कधी पाठ केली नाही आणि आम्हाला कधी काही शिकवलंही नाही. आमच्या घरात तिने धर्माचा म्हणून विचारलेला प्रश्न एकच, गणपतीचा एक दात कुठे गेला.

आणि त्या रविवारी कॉन्डोत, भेळेची डिश हातात घेऊन, आमच्यातली एक बाई मला म्हणाली, "मिशनऱ्यांची मुलगी घरात ठेवलीयस म्हणे? अगं, त्यांचं असंच असतं. आधी औषध, मग बायबल. लोक म्हणतायत तू चर्चला जायला लागलीस."

"कोण लोक?"

"आता नावं कशाला घेऊ?"

माझा आवाज चढला. "तुमच्या इमारतीत लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबते. तुमच्याकडे एक खोली रिकामी आहे. उद्या सकाळी मी तिला इथे आणून सोडते. तुम्ही तिला रोज गीता वाचून दाखवा, आंघोळीला प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधा आणि फिजिओला घेऊन जा. धर्म टिकेल, पायही बरा होईल."

घरी येताना बसमध्ये नवरा एवढंच म्हणाला, "भेळ तरी संपवायचीस." त्यानंतर बराच काळ आम्हाला त्या कॉन्डोतलं बोलावणं आलं नाही. आठवडाभर मला एमआरटीच्या मेट्रोतून बेडोक ते तांजोंग पगार ये-जा करावी लागायचीच, निदान रविवार मोकळा मिळाला म्हणून मी खूश होते.

प्लास्टर काढायची तारीख ठरली. त्याच आठवड्यात रविवारी चर्चच्या हॉलमध्ये वसतिगृहासाठी निधी जमवायचं दुपारचं जेवण होतं. गटाचे प्रमुख आमच्याकडे अननसाची बिस्किटं घेऊन आले. गृहस्थ वाईट नव्हते. त्या वसतिगृहाला पाण्याची टाकी त्यांच्या खटपटीमुळे मिळाली होती. सोफ्यावर बसून, हसतमुखाने त्यांनी विचारलं, "डॉक्टरांना सांगून प्लास्टर आणखी थोडे दिवस ठेवता येईल का? जेवणाच्या दिवसापर्यंत फक्त. ती कुबड्यांवर स्टेजवर आली तर लोकांना पटतं. दिसल्याशिवाय लोक देत नाहीत, हा माझा अनुभव आहे."

मला आधी वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मुलगी तिथेच बसली होती. तिला इंग्रजी थोडंच यायचं, पण 'प्लास्टर' तिला कळलं. तिने आंटीला विचारलं. आंटीने एक शब्दही मऊ न करता सगळं मलायमध्ये, म्हणजे जवळजवळ तिच्याच भाषेत, सांगितलं. मुलीने नकारार्थी मान हलवली आणि ठामपणे एक वाक्य बोलली.

"ती नाही म्हणते," आंटी म्हणाली. "ती म्हणते, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच काढायचं."

गृहस्थ माझ्याकडे वळले. "तुम्ही समजावा तिला. हे तिच्याच वसतिगृहासाठी आहे."

"मी नाही समजावणार."

"माफ करा, पण तुम्ही तर आमच्या चर्चच्याही नाही. हा आमचा आतला विषय आहे."

"चर्च तुमचं आहे," मी म्हणाले, "पण ही मुलगी माझ्या घरात राहते आणि माझ्या घरात कुणाचा पाय देखाव्यासाठी बांधून ठेवत नाहीत."

ते गेले. आमच्या लोकांसाठी मी फार ख्रिश्चन झाले होते आणि चर्चवाल्यांसाठी पुरेशी ख्रिश्चन नव्हते. सासूबाईंना मी सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी बिस्किटांचा डबा माझ्यासमोर उघडला. "खा. बिस्किटांचा काय दोष?"

ठरलेल्या दिवशी प्लास्टर निघालं. आतून पांढरट, बारीक झालेला पाय निघाला, पण तळवा जमिनीला टेकत होता. मुलगी खूप वेळ त्याच्याकडे बघत बसली, मग बोटं हलवून पाहिली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पायाला आधाराचा पट्टा बरेच महिने घालावा लागेल आणि थोडं लंगडणं कायमचं राहील. ती म्हणाली, चालेल.

रविवारच्या जेवणाला जायचं तिनेच ठरवलं. स्टेजवर जायचं नाही, फक्त जेवायचं. माझा निळा कुर्ता घालून, एका कुबडीवर ती आली. आंटी, सासूबाई, मी आणि ती, आम्ही स्वयंपाकघराच्या दाराशेजारच्या गोल टेबलावर बसलो. नूडल्स आल्या, सासूबाईंसाठी भाज्या आल्या. गृहस्थ स्टेजवर बोलू लागले आणि मागच्या पडद्यावर एक भलंमोठं चित्र उमटलं.

तिचा जुना पाय. ऑपरेशनच्या आधीचा, उघडा, वळलेला, चिखलाने भरलेला. शेजारी तिचा चेहरा, कॅमेऱ्याकडे न बघणारा.

हॉलमध्ये हळहळ उठली. ती मात्र उठून उभी राहिली. मी तिचा हात धरला, तो तिने सोडवला. टेबलांमधून ठक ठक करत ती पुढे गेली आणि प्रोजेक्टरच्या समोर उभी राहिली. चित्र तिच्या निळ्या कुर्त्यावर पडलं, पडद्यावर तिची सावली. तिने तिच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हा माझा पाय आहे. मला कुणी विचारलं नाही."

मी तिच्यामागोमाग कधी गेले ते मला कळलं नाही. टेबलावरचा लॅपटॉप मी बंद केला. कुणीतरी म्हणालं, "अहो, तुम्ही कोण?" आमच्या पाठीमागे आंटी उभी राहिली होती, आणि तिच्या पाठीमागे सासूबाई, हातात पर्स घट्ट धरून, मराठीत कुणाला तरी "बसा खाली" म्हणत.

चर्चचे फादर पुढे आले. त्यांनी मुलीला खुर्ची दिली, स्वतः समोर उभे राहिले आणि सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. मग त्यांनी हॉलला शांतपणे जेवायला सांगितलं. काही जण जेवले, काही जण निघून गेले. गृहस्थ निघून जाणाऱ्यांत होते.

ती आपल्या बेटावर परतली. सासूबाई पुण्याला गेल्या. माझं काम संपलं, असं सगळ्यांनी धरलं होतं. पण काही महिन्यांनी आंटीकडे तिचा फोन आला. गट वसतिगृहाच्या मोठ्या मुलींसाठी शिवणकामाचा वर्ग काढणार होता. तिला शिवणकाम नको होतं. तिला इलेक्ट्रिशियनचं काम शिकायचं होतं, तालुक्याच्या गावी तसा कोर्स होता.

गटाच्या पुढच्या मीटिंगला मी गेले. मला बोलावलं नव्हतं. आंटीने शेजारची खुर्ची ओढली आणि मी बसले. गृहस्थ म्हणाले, "अशा पायाची मुलगी खांबावर चढणार कशी?"

"खांबावर चढायचं नाहीये," मी म्हणाले. "पंखे आणि पंप दुरुस्त करायचेत. ते टेबलावर बसून होतात."

"बाकीच्या मुली तयार आहेत शिवायला."

"त्यांना विचारलंत?"

त्यांनी विचारलं नव्हतं. फादरांनी ननला तिथूनच फोन लावला आणि वसतिगृहात मुलींना विचारायला सांगितलं. पुढच्या मीटिंगला उत्तर आलं. निम्म्या मुलींना शिवण हवं होतं, उरलेल्यांना वेगवेगळं काहीबाही. कुणाला बालवाडी, कुणाला कोंबड्या. आणि एकीला वायरी.

ती पहिल्या वेळी परीक्षेत नापास झाली, तेव्हा गटात काही चेहरे समाधानी दिसले. ती परत बसली आणि पास झाली. आता तालुक्याच्या गावी एका दुकानात ती पंप आणि पंखे दुरुस्त करते, पट्टा कधीच सुटला, चाल थोडी लंगडी आहे. त्या गटात मी पुढेही राहिले, चर्चला न जाता. कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय दाखवायचा नाही, हा नियम आंटीने मंजूर करून घेतला. ते गृहस्थ आणि मी अनेक मीटिंगांना समोरासमोर बसलो. आमची मैत्री काही झाली नाही. नियम मात्र त्यांनीही पाळला.